मास्तरांचं वजन आणि बाईंचा क्लच

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या बायकोला गाडी येत नव्हती, आणि त्या घरात कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत, कारण त्यांनी आयुष्यभर बालवाडीत शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही. लग्न झालं तेव्हा मास्तर म्हणाले होते, "शिकवतो तुला सावकाश." ते सावकाश कधी उगवलंच नाही. लेक मोठी झाली, तिला मास्तरांनी दणक्यात गाडी शिकवली, ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि बाई आपल्या शेजारच्या सीटवर मांडीत पर्स धरून बसायच्या त्या बसल्याच. घरात एक जण चालवतो आहे, मग दुसऱ्याने कशाला जीव टांगणीला लावायचा, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर अंगाने भरभक्कम. तरुणपणी नुसते रुंद होते, पुढे पोट सुटलं, आणि साठी ओलांडेपर्यंत ते पोट त्यांच्या आधी दारातून आत येऊ लागलं. दिवसभर बसून काम, आणि गाडी शिकून पास झालेला प्रत्येक जण आनंदाने काहीतरी खाऊ घेऊन यायचा. मास्तर कुणाला नाही म्हणत नसत. "नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं," ते म्हणत आणि डबा उघडत. शिकणारे चेष्टा करत, की मास्तर बसले की गाडी त्यांच्या बाजूला कलते. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसत आणि पोटावर थाप मारून सांगत, "ही माझी एअरबॅग आहे. कंपनीची नाही, घरची."

बाईंनाही त्या हसण्याची सवय झाली होती. जेवताना मास्तर दोनदा उठून बाथरूमला जाऊन येत, तिथे पुष्कळ वेळ लागे, नळ उगाच चालू असे. काय होतंय विचारलं की, "वय झालं, दुसरं काय," एवढंच उत्तर. हल्ली ते पाणी कमी पीत, हेही बाईंच्या लक्षात आलं होतं. मागे एका तपासणी शिबिरात त्यांनी प्रोस्टेटची रक्ततपासणी करून घेतली होती, तिचा आकडा ठीक आला होता. ते सगळ्यांना सांगत सुटले होते, "इंजिन एकदम ओके."

मग एके दिवशी दुपारी बाईंचा फोन वाजला. पलीकडे एक बाई धापा टाकत होती.

"बाई, मी केकवाली बोलतेय. मास्तरांना हॉस्पिटलमध्ये आणलंय. घाबरू नका. म्हणजे थोडं घाबरा, पण या."

"कुणी आणलं?"

"मी."

"तुम्हाला गाडी येते?"

"येत नाही हो," केकवाली म्हणाली आणि रडायलाच लागली.

ही केकवाली म्हणजे मास्तरांची नवी विद्यार्थिनी. घरी केक बनवायची आणि स्वतः पोचवता यावेत म्हणून गाडी शिकत होती. हॉस्पिटलच्या लांबलचक हिरव्या कॉरिडॉरमध्ये बाई पोचल्या तेव्हा ती बाकावर अंग चोरून बसली होती, गाडीची किल्ली मुठीत गच्च. तिने जे सांगितलं ते असं. शिकवता शिकवता मास्तरांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, एका हॉटेलात जाऊन आले, पाच मिनिटांनी पुन्हा थांबायला लावलं, पुन्हा जाऊन आले, आणि तिसऱ्या वेळी परत येताना त्यांचा चेहरा पांढराफटक होता. लघवी अडली होती. कळ अशी की त्यांना ब्रेकवर पायही ठेवता येईना. "तुम्हीच चालवा," एवढंच म्हणाले, आणि दाराचं हँडल धरून बसले. भर बाजारातून ती सेकंड गिअरमध्ये, हॉर्नवर हात ठेवून आली. तिसरा गिअर तिला अजून शिकवलेला नव्हता.

"तशा अवस्थेतही ते मला सांगत होते, आरसा बघा, आरसा बघा," केकवाली म्हणाली. मग, "बाई, एक विचारू? मला वाटायचं की कोर्सच असा असतो. आधी बसस्टँड, मग पेट्रोल पंप, मग वाचनालय, मग दुसरा पेट्रोल पंप. प्रत्येक ठिकाणी मास्तर म्हणायचे, आता तुम्ही पार्किंगचा सराव करा, मी आलोच."

 बाईंच्या डोळ्यांसमोर शहराचा सगळा नकाशा उभा राहिला, आणि त्यावर मास्तरांनी लपूनछपून केलेल्या खुणा. किती दिवस हा माणूस स्वच्छतागृहांच्या हिशोबाने गाडी शिकवत होता, आणि घरी येऊन एअरबॅगचे विनोद करत होता. त्यांना राग आला.

आत मास्तर नळी घालून पडले होते. कळ थांबली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. बाईंना बघून ते म्हणाले, "कुलंट तुंबला होता. काढला." बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या विनोदाला हसायचं नाकारलं.

ज्या सर्जन त्यांना बघायला आल्या त्या चाळिशीतल्या, बारीक चणीच्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. बाई डॉक्टर बघून मास्तरांचे कान लाल झाले. पण सर्जनबाईंनी हातमोजा चढवून तपासणी केली ती इतक्या सहजपणे, की जणू टायरमधली हवा बघत होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी हातमोजा काढला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"प्रोस्टेटची गाठ, म्हणजे ती ग्रंथी, मोठी झाली आहे, ते या वयात होतंच," सर्जनबाई म्हणाल्या. "पण एका बाजूला कडक लागते. त्याचा छडा लावायला हवा."

"पण माझा रक्ताचा आकडा चांगला आला होता," मास्तर म्हणाले.

"आला असेल. वजन जास्त असलं की अंगात रक्तही जास्त असतं. मग प्रोस्टेटमधून रक्तात येणारा पदार्थ, जो आपण मोजतो, तो त्यात पातळ होतो, आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. एक चमचा साखर कपात घातली आणि बादलीत घातली, गोडी सारखी लागेल का?"

मास्तर आपल्या पोटाकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याच्यावर विनोद सुचला नाही.

पुढचे दिवस तपासण्यांचे. स्कॅन झालं, सुईने तुकडा काढून झाला. नळी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. लेक येऊन आठवडाभर राहून गेली. आणि एका सकाळी सर्जनबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की कॅन्सर आहे, पण गाठीच्या आतच आहे, बाहेर पसरलेला दिसत नाही. शस्त्रक्रिया करून ती सगळीच काढता येईल. शेजारी भूलतज्ज्ञ बसले होते, ते मास्तरांचे कागद पुन्हा पुन्हा बघत होते.

"मी आत्ता यांना भूल देणार नाही," ते म्हणाले. "या ऑपरेशनमध्ये डोकं खाली, पाय वर असं तासन्तास झोपवावं लागतं. एवढं पोट छातीवर येऊन पडलं की फुप्फुसं दबतात. रक्तदाबही वर आहे. वजन उतरवून या."

"आणि तोवर तो आत वाढत बसला तर?" बाईंनी विचारलं.

"हा सावकाश चालणाऱ्यातला आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "दोन-तीन महिने थांबायला हरकत नाही, मी लक्ष ठेवेन. घाई नको, पण ढिलाईही नको. आणि वजन फक्त भुलीसाठी नाही. जाड माणसात हा आजार जास्त आडमुठेपणा करतो, परत येण्याची शक्यता जास्त दिसते. ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा यायलाही हलकं शरीर बरं. मी काढायचं ते काढीन. बाकीचं तुमच्या हातात."

घरी येताना टॅक्सी केली. मास्तर मागच्या सीटवर बाईंच्या शेजारी मुकाट बसले होते, ड्रायव्हरने चुकीच्या लेनमधून वळण घेतलं तरी बोलले नाहीत. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि केकवालीचा विचार करत होत्या. तिला तिसरा गिअर येत नव्हता, तरी तिने आणलं. त्या दिवशी मास्तर घरी असते तर? आपण काय केलं असतं? फोनच फिरवत बसलो असतो.

दाराचं कुलूप काढता काढता त्या म्हणाल्या, "अहो, मला गाडी शिकायची आहे."

"आत्ता?"

"नाहीतर कधी? तुम्ही सावकाश म्हणाला होतात. झालं सावकाश."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शहराबाहेरच्या मैदानावर गेले. तिथे कधीकाळी प्रदर्शनं भरायची, आता सिमेंटचा मोठा मोकळा चौक उरला होता आणि कडेने जुने टायर मांडून मास्तरांनी शिकवायची जागा केली होती. तीन बाजूंनी लोक चालायला येत. बाईंनी चप्पल नीट केली, पदर खोचला, सीट पुढे ओढून घेतली. मास्तर शेजारी बसले. गाडीने एक उसळी घेतली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उसळी, पुन्हा बंद.

मास्तर शहरभर आपल्या शांतपणासाठी प्रसिद्ध होते. खांबाला गाडी ठोकणाऱ्यालाही ते म्हणत, "हरकत नाही, खांब सरकारी आहे." पण शेजारी स्वतःची बायको आल्यावर काय बिनसलं कोण जाणे. "अगं हळू! क्लच म्हणजे काय झुरळ आहे का असं चिरडायला?"

बाईंनी हँडब्रेक ओढला. "मी तीन वर्षांच्या मुलांना चड्डीची बटणं लावायला शिकवली आहेत. एकालाही ओरडले नाही. तुम्ही उतरा खाली."

"मी? मी मास्तर आहे."

"म्हणूनच. तुमचा हात सारखा स्टिअरिंगकडे येतोय. बाहेरून शिकवा."

मास्तर उतरले. पोट सावरत, दाराला धरून उतरले, आणि खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "बरं. आता माझ्या बरोबरीने ये. मी चालतो तेवढ्याच वेगाने. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही."

आणि ते चालू लागले. बाईंनी क्लच अर्धा सोडला, जरा अजून सोडला, आणि गाडी खरंच मास्तरांच्या बरोबरीने सरकू लागली. खिडकीच्या चौकटीत मास्तरांचं पोट, त्याच्या वर मास्तरांचा आवाज. "असंच. असंच. पायाला कळू दे." कोपऱ्यापर्यंत जाता जाता मास्तरांना धाप लागली आणि ते टायरवर बसले. बाईंनी गाडी थांबवली, ती बंद न पडता थांबली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"उद्या पुढच्या कोपऱ्यापर्यंत," बाई म्हणाल्या.

हेच मग रोजचं झालं. खाण्यापिण्याचं सर्जनबाईंनी सांगितलं होतंच. तळलेलं गेलं, साखर गेली, ताट लहान झालं. पण ते सगळे सांगतातच. मास्तरांना चालायला लावलं ते क्लचने. शिकवायचं म्हटलं की त्यांना दम लागत नसे, निदान लागलेला कळत नसे. बाई जितक्या सफाईने चालवू लागल्या तितकं मास्तरांना लांब चालावं लागे. काही दिवसांनी ते खिडकी सोडून गाडीच्या पुढे चालू लागले, पाठ करून, दोन्ही हातांनी खुणा करत. डावं, उजवं, थांब.

"अहो, बाजूला व्हा, धक्का लागेल," बाई ओरडत.

"लागू दे," मास्तर मागे न बघता म्हणत. "ऑपरेशनची कटकटच मिटेल."

मैदानावर चालायला येणाऱ्यांची करमणूक झाली. त्यांत बरीचशी मास्तरांच्याच वयाची, मास्तरांच्याच घेराची माणसं. एक निवृत्त हेडमास्तर तर रोज थांबून बघत. एक दिवस त्यांनी मास्तरांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काही विशेष त्रास आहे का? नाही, एकदम वजनाच्या मागे लागलात म्हणून."

बाई गाडीत बसून ऐकत होत्या. त्यांना वाटलं, आता मास्तर एअरबॅगचा विनोद करतील आणि सटकतील.

"प्रोस्टेटचा कॅन्सर आहे," मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले. "काढून टाकायचा आहे, त्याआधी पोट काढायचं आहे."

हेडमास्तरांनी दचकून इकडेतिकडे बघितलं. बाकीचे दोघं-तिघं जागच्या जागी थांबले.

"एवढं हळू काय बोलायचं? नाक आहे, कान आहेत, तशी ती एक गाठ. आपण तिचं नावही घेत नाही, म्हणून ती डोक्यावर बसते. मी किती दिवस पेट्रोल पंपाच्या मागे पळत होतो, कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या बायकोला नाही. शेवटी परक्या बाईने मला सेकंड गिअरमध्ये दवाखान्यात नेलं. तुम्हाला रात्री किती वेळा उठावं लागतं हो, सर?"

 हेडमास्तर म्हणाले, "मोजत नाही." आणि दुसरा एक जण, ज्याने आजवर कुणाला गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं नव्हतं, तो म्हणाला, "मी मोजतो."

बाईंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि समोरच्या काचेतून आपल्या नवऱ्याकडे बघितलं. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, केस विस्कटलेले, आणि भोवती चार पुरुष घोळका करून त्याला प्रश्न विचारत होते. इतक्या वर्षांत त्यांनी मास्तरांना गमत्या म्हणून ओळखलं होतं, प्रेमळ म्हणूनही. शूर म्हणून ओळखायची वेळ कधी आली नव्हती.

पण सगळे दिवस तसे नव्हते. वजन आधी भराभर उतरलं आणि मग अडून बसलं. मास्तर चिडचिडे झाले. एकदा गाडीच्या मागच्या सीटखाली बाईंना बिस्किटांचा पुडा सापडला. त्यांनी तो काही न बोलता मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तरांनी तो मैदानातल्या कुत्र्यांना घातला आणि दिवसभर तोंड वळवून बसले. त्याच सुमारास सर्जनबाईंनी दोघांना बोलावून ऑपरेशननंतरचं सगळं नीट समजावलं होतं. काही दिवस, कदाचित काही महिने, लघवी थेंब थेंब गळेल. पॅड वापरावे लागतील. आणि नवरा-बायकोचं म्हणून जे असतं, ते पूर्वीसारखं राहीलच असं नाही. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर गेल्यावर गाडीतून उतरलेच नाहीत.

"चला," बाई म्हणाल्या.

"कशाला?" मास्तर समोर बघत म्हणाले. "पोट जाणार, गाठ जाणार, उरलंसुरलं तेही जाणार. मग माझ्यात राहणार काय?"

 बालवाडीत एखादं मूल रुसून कोपऱ्यात बसलं की त्या त्याच्याशी बोलत नसत. त्याच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसत आणि आपलं काहीतरी करत राहत. इथे शेजारी तर त्या बसल्याच होत्या. त्यांनी आरसा पुसला. सीट मागेपुढे केली. मग म्हणाल्या, "रिव्हर्स राहिलाय."

"काय?"

"तुम्ही मला रिव्हर्स शिकवला नाही अजून. तो राहिलाय तुमच्यात."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं.  "रिव्हर्स म्हणजे," मास्तर म्हणाले, "मान वळवून मागे बघायचं. आरशावर विसंबायचं नाही." आणि दार उघडून ते खाली उतरले.

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी एक हट्ट केला. परीक्षक त्यांच्या चांगल्या ओळखीचा, कित्येक वर्षांचा दोस्त. बाईंना वाटलं होतं, मास्तर जाऊन दोन शब्द टाकतील. ते गेटबाहेर उभे राहिले. "आत गेलो तर त्याला तुझ्याकडे नीट बघता येणार नाही," म्हणाले. बाई चढावर गाडी थांबवून परत सुरू करताना मागे घसरल्या आणि नापास झाल्या. बाहेर आल्या त्या फणफणत.  दुसऱ्या दिवसापासून सराव मैदानावरून पुलाच्या चढावर हलला. तिथे गाडी घसरली तर मागून थोपवायला म्हणून मास्तर चढावरच्या कठड्याशी उभे राहत, आणि गाडी वर गेली की तिच्या मागे चालत वर. गाडी खाली, मास्तर खाली. पुन्हा वर. अडून बसलेलं वजन त्या चढाने हललं. पुढच्या खेपेला बाई पास झाल्या, आणि त्याच आठवड्यात भूलतज्ज्ञांनी मास्तरांचा रक्तदाब बघितला, त्यांना पाठीवर झोपवून श्वास घ्यायला लावला आणि म्हणाले, "आता देतो भूल. पण ओळखलं नाही हं मी तुम्हाला आधी."

ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी गाडी चालवली. रस्त्यात रहदारी होती, मागचे लोक हॉर्न वाजवत होते. मास्तर शेजारी पोटावरून सैल झालेला पट्टा धरून बसले होते आणि एकदाही म्हणाले नाहीत, आरसा बघ. हॉस्पिटलच्या आवारात बाईंनी दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये मान वळवून रिव्हर्सने गाडी लावली. मास्तरांनी खाली उतरून चाकांची जागा बघितली. "मी असतो तर जरा अजून आत घेतली असती," ते म्हणाले, मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

सगळं नीट झालं. सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत जागा मोकळी होती, काम सोपं गेलं. त्यांना सांगा, वजन उतरवलं ते कारणी लागलं."

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल बाईंना पुढे कधी कुणी विचारलं तर त्या हसून सोडून देत, पण ते दिवस सोपे नव्हते. खोकला आला तरी गळे, शिंक आली तरी गळे. मास्तर घराबाहेर पडेनात. सर्जनबाईंनी ओटीपोटाखालचे स्नायू आखडून सोडायचे व्यायाम सांगितले होते, ते मास्तर खुर्चीत बसून गंभीर चेहऱ्याने करत. समोरच्याला ते पेपर वाचताहेत असं वाटे. नंतर एके दिवशी त्यांनी आपणहून पिशवी भरली, त्यात पॅड, जादा पँट, पाण्याची बाटली. "पाणी पिणार आहे मी भरपूर," म्हणाले. "आणि शिकवायला चाललोय." पहिली विद्यार्थिनी केकवालीच होती, तिचे तिसऱ्यापासून पुढचे गिअर राहिले होते. गाडीत बसताच मास्तरांनी तिला सांगून टाकलं, "हे बघा, मला मध्येच थांबावं लागेल. पार्किंगचा सराव म्हणून नाही. मला जायचं असेल म्हणून." केकवालीने संध्याकाळी बाईंना फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, माझे वडील असं कधी बोलले असते तर.

तिने आणलेला केक बाईंनी परत पाठवला नाही. मास्तरांनी बोटभर तुकडा खाल्ला, बाकीचा मैदानावर नेला. तिथे आता रोज सकाळी हेडमास्तर आणि कंपनी फेऱ्या मारत असे. हेडमास्तरांची तपासणी झाली होती. साधीच वाढ निघाली, गोळ्या सुरू होत्या. तरी ते सगळ्यांच्या पुढे चालत.

तपासणीच्या दिवशी सर्जनबाईंनी रक्ताचा कागद दोघांसमोर ठेवला. मशिनला मोजण्यासारखं काही सापडलं नव्हतं. "या वेळी खात्रीने सांगते," त्या म्हणाल्या, "कारण गाठच नाही. पण दर काही महिन्यांनी येत राहायचं. आणि वजन परत चढताना दिसतंय थोडं."

"थोडंच," मास्तर म्हणाले.

"थोडंच चढतं ते," बाई म्हणाल्या, आणि सर्जनबाई हसल्या.

परत येताना ऊन उतरलं होतं. बाईंनी काचा खाली घेतल्या. लेकीला फोन करून सांगितलं होतं, ती पलीकडून ओरडलीच होती. बाईंनी गाडी मोठ्या रस्त्याला काढली, गिअर बदलला, पाय आपला आपण हलका झाला. त्या काहीतरी सांगत होत्या, लेकीच्या सुट्टीबद्दल, आणि मास्तरांचं हूं हूं यायचं थांबलं, तसं त्यांनी वळून बघितलं.

मास्तर झोपले होते. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात असताना या माणसाचा डोळा लागलेला बाईंनी कधी पाहिला नव्हता. बसमध्ये नाही, टॅक्सीत नाही, लेक चालवत असताना तर नाहीच. उजवा पाय नेहमी ब्रेक शोधत असायचा. आता तो पाय शांत होता.

घर आलं. बाईंनी गाडी झाडाच्या सावलीला लावली, हँडब्रेक आवाज न करता ओढला आणि इंजिन बंद केलं. समोरून ओळखीची शेजारीण येत होती, काहीतरी विचारायला खिडकीशी वाकली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. शेजारीण मान डोलावून चवड्यांवर निघून गेली, आणि बाई तशाच बसून राहिल्या, मास्तरांना जाग येईपर्यंत.